पाळण्यात यशोवर्धन, गल्लीत बंड्या : यात लाज कसली?

रंकाळ्याचा_वारा
दोन दिवस झालं एक पोस्ट सगळीकडं फिरायलीय, तुम्हीबी वाचली असणार. म्हणणं एवढंच की आपल्याकडं पोरांची नावं हौसेनं ठेवायची आणि मग जन्मभर पिंट्या, गुंड्या, बाळ्या करत बसायचं हा अडाणीपणा आहे, 'उर्फ' हा शब्द एकतर फ्लेक्सवर दिसतो नाहीतर गुन्ह्याच्या बातमीत, आणि शिकलेल्या घरात तरी आता पोराला 'खऱ्या' नावानंच हाक मारावी. डोकं उठलं म्हणून लिहायलोय.

खरं नाव म्हणजे कुठलं रं भावा? पोरगं जन्मलं की भटजी नक्षत्राचा चरण बघून अक्षर काढून देतो, अश्विनी असलं तर चू चे चो ला, त्यावरनं एक नाव पडतं, ते परत लग्न जुळवतानाच बाहेर निघतंय. बाराव्या दिवशी गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं की आत्या कानात कुर्र करून दुसरं नाव सांगती आणि पाठीत धपाटे खाती. शाळेत घालताना बाप तिसरंच लिहून येतो. आणि ज्या नावानं ते पोरगं वळून बघतंय ते चौथंच. खरं कुठलं ते तूच ठरव.

आमचा गुंडामामा. गेल्या वर्षी त्याला रात्री छातीत दुखायलं म्हणून दवाखान्यात नेला. बाहेर बाकड्यावर आम्ही सातजण, मामी पदरात तोंड घालून बसलेली. आतनं सिस्टर आली, "विश्वासराव पाटील यांचे नातेवाईक?" कोण उठलं न्हाई. परत हाक. मामी माझ्या कानाला लागली, "बिचाऱ्या विश्वासरावाचं कोण आलेलं दिसत न्हाई रं." तिसऱ्या हाकेला सिस्टर चिडून म्हणाली, "अहो तो निळ्या स्वेटरचा पेशंट, तंबाखूची पुडी मागतोय तो!" तवा सातच्या सात उठलो. मामीला त्या कागदावरच्या नवऱ्याची सही करताना हात थरथरत हुता. मामा ठणठणीत हाय आता. सांगायचा मुद्दा, त्या विश्वासरावाला आमच्यात कोण ओळखत न्हाई, गुंडामामासाठी मात्र आम्ही रात्र जागलो.

आणि लाज वाटत असली तर यशवंतराव घाटगे कोण ते सांग आधी. आपले शाहू महाराज. नावाला नाव लावायची चाल कोल्हापूरच्या मातीतच हाय.

पांढरा_रस्सा
नाद खुळा. तंबाखूची पुडी 😂😂

कागलकर_मास्तर
वारा साहेब, भावनेशी सहमत, उदाहरणाशी नाही. यशवंतराव हे कागलच्या घाटग्यांकडचं नाव, १८८४ साली दत्तक झाल्यावर शाहू हे नाव ठेवलं. ते दत्तकविधानातलं नाव आहे, लाडाचं नव्हे. उदाहरणच पाहिजे तर टिळक घ्या. पाळण्यातलं नाव केशव. बाळ हे घरचं. अख्खा देश ज्यांना बाळ गंगाधर टिळक म्हणतो त्यांचं घरातलं नावच इतिहासात गेलं आणि केशव शोधावा लागतो. पेशव्यांचंही तेच, बाळाजी बाजीराव म्हटलं की पोरं माझ्याकडं बघत राहतात, नानासाहेब म्हटलं की हात वर. सदाशिवरावांना भाऊ आणि रघुनाथरावांना दादा.

रंकाळ्याचा_वारा
बरं मास्तर, शाहू महाराज मागं घेतो. टिळक दिलासा त्याबद्दल उपकार.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
ती पोस्ट माझी आहे. शोधून काढलंत ते बरं केलंत.

दवाखान्याचा किस्सा छान आहे, हसलो. पण गुंडा हे नाव मामाला परवडलं. मला घरात 'काळ्या' म्हणतात. धाकटा गोरा तो 'सोन्या', मी काळ्या. आज वय ४१, हिंजवडीत माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत आणि मे महिन्यात घरी आलो की बसस्टॉपपासून सुरू होतं, "काळ्या आला रं". ह्या मे महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलानं आजीला विचारलं, बाबांना काळ्या का म्हणता, त्यांनी काय केलंय? सगळे हसले. मीही हसलो, कारण नाही हसलं तर 'पुण्यात जाऊन शिष्ट झाला' म्हणतात. आमच्या गल्लीत एक तिरळ्या होता, एक बोबड्या होता. त्यांना कुणी कधी विचारलं का, तुला चालतंय का म्हणून? प्रेम प्रेम म्हणून गळा काढणारे सगळे हाक मारणारे असतात, ओ देणारा कुणी लिहीत नाही.

रंकाळ्याचा_वारा
भावा, हे पोस्टमध्ये का नाही लिहिलास? तिथं नुसतं अडाणी आणि सुशिक्षित करत बसलास.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
लिहिलं असतं तर खाली पन्नास जणांनी 'काळ्या' लिहिलं असतं.

पांढरा_रस्सा
(लिहीत होतो, पुसलं.)

सातबारावाला
तुमचं प्रेम आणि अपमान चालू द्या, मी रोज ज्याच्यात मरतो ते सांगतो. तहसीलसमोर टेबल टाकून बसतो. दिवसाला निम्मी कामं एकाच वाक्याची, "बाळू आणि बाळासाहेब ही एकाच व्यक्तीची नावे असून". सातबाऱ्याला बाळू, आधारला बाळासाहेब, शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण, बँकेत बी. आर., आणि माणूस मेल्यावर पोरांनी मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं 'बाळासो'. मग वारस नोंद अडकली की माझ्याकडं. खरी गंमत अशी की आपल्याकडं टोपणनावच कागदावर चढतंय, आप्पासाहेब, रावसाहेब, दादासो ही बारशात ठेवलेली नावं हायत लोकांची, आणि अशा रावसाहेबाला घरात काय म्हणतात तर राव्या. उर्फला हसू नका, पासपोर्टच्या फॉर्मात पण विचारतात तुम्हाला आणखी कुठल्या नावानं ओळखतात काय ते. जे लपवतात ते अडकतात. जे सरळ उर्फ लिहितात त्यांचं काम लवकर होतंय. एका भावकीत दोन एकर ऊस, वारस नोंदीला सव्वादोन वर्षं गेली, कारण म्हाताऱ्याचं नाव पीकपाण्याला 'तात्या' लागलेलं आणि गावात तात्या अकराजण.

पांढरा_रस्सा
उर्फशिवाय कोल्हापूरचं राजकारण चालंल काय? बंटी म्हटलं की कोण, मुन्ना म्हटलं की कोण, शाळेतलं पोरगं सांगंल. पूर्ण नाव विचारा, डोकं खाजवंल.

गंगावेश_दूधकट्टा
राजकारण नको हितं. मागच्या वेळी दोन गट पडून धागा बंद झाला.

उत्तरेश्वरची_आक्का
मघापासनं वाचायलोय. गुंडामामा, बाळासाहेब, राव्या, काळ्या. एकबी बाई न्हाई. तर मी सांगतो.

पोरगं पाळण्यात असतंय तवापासनं दादा, आबा, भाऊ, आप्पा. दुधाचं दात पडलं न्हाईत आणि आबा! पोरीला काय? बेबी, चिमी, ठकी. तिसरी-चौथी झाली तर नकुशी. शेजारच्या साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं २८५ पोरींची नावं समारंभ करून बदलली, सगळ्या नकुशा. ही पण घरात ठेवलेलीच नावं, आणि शाळेच्या दाखल्यावर गेलेली. आणि ती धोंडू, दगडू, भिकू ह्यांच्यासारखी दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली नव्हंत. धोंडू जगावा म्हणून धोंडू. नकुशी नको म्हणून नकुशी.

आणि एवढ्यातनं पोरीला एक नाव चिकटलं, तिला ते गोड वाटायला लागलं, की लग्न. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिवायचं. मी समोर बसलेलो, मला उलटं दिसायलंय, मला काय ते वाचाय येईना. सासूबाई म्हणाल्या वाच की. मी अंदाजानं वाचलो तर चुकलो. सगळं घर हसलं. माझंच नाव, मलाच उलटं, आणि चुकलो म्हणून हसायला मांडव भरलेला. सुलक्षणा निघालं ते. चाळीस वर्षं झाली, बँकेत सुलक्षणा म्हणून हाक मारली तर अजून मी मागं वळून बघतो कोण बाई आली म्हणून.

सदाशिवपेठी_चष्मा
ताई की दादा? "वाचलो", "चुकलो", "मी सांगतो". आधी ते नक्की करा, मग स्त्रीमुक्ती.

रंकाळ्याचा_वारा
झालं. आलं पुणं.

उत्तरेश्वरची_आक्का
आमच्यात बायका 'मी जातो'च म्हणत्यात. माझी आजी म्हणायची, आई म्हणायची, मी पण म्हणतो. तुझ्या व्याकरणाला त्रास होत असंल तर तू जाती म्हण.

पांढरा_रस्सा
आक्काऽऽऽ 🙏🙏 तांबडा पाठवून देऊ काय?

कागलकर_मास्तर
चष्मेवाले, कोल्हापुरी बोलीची ही जुनी खूण आहे. थट्टा करण्याआधी चार घरं फिरून या.

सदाशिवपेठी_चष्मा
बरं बरं, बोलीभाषेचा अपमान झाला असल्यास क्षमा. तलवारी आत ठेवा. मूळ मुद्द्याशी मात्र ह्याचा काडीचा संबंध नाही.

गंगावेश_दूधकट्टा
संबंध न्हाईच. विषय हुता टोपणनावाचा, आक्कांनी लग्नावर नेऊन घातला. आणि तांदळातलं नाव ही गोड पद्धत हाय, प्रत्येकात अत्याचार कशाला शोधायचा? नवरा हौसेनं नाव ठेवतोय, बायको लाजून वाचती, फोटो निघतात. माझ्या आईचं पण बदललंय, तिला कधी वाईट वाटलं न्हाई.

उत्तरेश्वरची_आक्का
विचारलायस?

गंगावेश_दूधकट्टा
विचारायचं काय त्यात, दिसतंय की.

उत्तरेश्वरची_आक्का
विचारलायस काय?

सातबारावाला
भांडणात पडत न्हाई, पण आक्कांचं माझ्या टेबलावर रोज येतंय. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा कुठंच न्हाई. तरी बदलतात, आणि बदललेलं निम्म्याच कागदावर बदलतात. बाप वारला की बहिणीला हक्कसोडीला सहीला बोलवायचं, तवा भावांना आठवतंय हिचं माहेरचं नाव सातबाऱ्याला लागणार आणि हिच्या आधारला दुसरीच बाई हाय.

आणि आता नवीन. १ मे २०२४ पासनं जन्मलेल्या पोराच्या नावात आधी पोराचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. चांगलं केलं. पण आईचं म्हणजे कुठलं? बारशातलं का तांदळातलं? माझा धंदा अजून तीस वर्षं चालतोय.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
बघा, म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं. एक माणूस, एक नाव. आक्कांचं लग्नात बदललं नसतं, माझं रंगावरनं पडलं नसतं, बाळूचं सातबाऱ्याला लागलं नसतं.

उत्तरेश्वरची_आक्का
न्हाई बाळा, उलटं हाय. कागदावरचंच नाव माझं त्यांनी बदललं. सातबाऱ्यावरनं काढलं, रेशनवरनं काढलं, लग्नपत्रिकेत कंसात घातलं. माहेरचं लाडाचं तेवढं कुणाला काढता आलं न्हाई, कारण ते कुठं लिवलेलंच नव्हतं. भाऊबीजेला मी फाटकात रिक्षातनं उतरतो न उतरतो तोवर थोरला आतनं ओरडतोय त्या नावानं, आता बहात्तर वर्षांचा हाय, दात न्हाईत, त्यामुळं निम्मंच नाव ऐकू येतंय. माझ्या सुना खिडकीतनं हसत्यात. हसू देत.

तुझं नाव वाईट पडलं ते तुझ्या घरच्यांचं चुकलं. जाऊन सांग की तुझ्या आईला, मला हे नको, दुसरं काढा. त्यासाठी सगळ्या जगाची लाडाची नावं कशाला बंद करायलास?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
४१ व्या वर्षी आईला सांगू?

उत्तरेश्वरची_आक्का
मग काय ५१ व्या वर्षी सांगणार?

रंकाळ्याचा_वारा
आठवी गल्ली, एक कबूल करतो. आमच्यात पण एक 'लंगड्या' आहे. चुलतभाऊ. पोलिओचा पाय. आम्ही इतकी वर्षं म्हणतोय, तो ओ देतोय म्हणून चालतंय असं धरून चाललोय. मूळ लेख लिहिताना तो आठवला न्हाई. मुद्दाम आठवला न्हाई असं म्हण. बाकी गुंडामामावर मी ठाम.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
गुंडामामाला माझा पण विरोध नाही. 'अडाणी' शब्द मागे घेतो. 'सुशिक्षित'सुद्धा घेतो, नाहीतर मास्तर वळ उठवतील.

सदाशिवपेठी_चष्मा
आमच्याकडे मला घरात 'छोट्या' म्हणतात. वजन ९८ किलो. नोंद असावी.

पांढरा_रस्सा
चष्मा माणसात आला रे.

गंगावेश_दूधकट्टा
आईला विचारलं. आत्ताच. भाकरी थापत हुती. म्हटलं तुझं नाव बदललं तवा वाईट वाटलं हुतं काय. आधी म्हणाली हे काय मधीच. मग तव्यावरची भाकरी उलटली, म्हणाली, मला पहिलंच आवडायचं, वत्सल म्हणायचे. मी ह्या घरात जन्मलो-वाढलो, मला वत्सल हे नाव आज कळलं. झालं समाधान आक्का?

उत्तरेश्वरची_आक्का
माझं कशाला समाधान. उद्या सकाळी एकदा त्या नावानं हाक मारून बघ.

गंगावेश_दूधकट्टा
आईला नावानं हाक? लाटणं खाईन.

रंकाळ्याचा_वारा
आक्का, सगळं सांगितलासा पण तुमचं माहेरचं नाव काय ते सांगितलंच न्हाई.

उत्तरेश्वरची_आक्का
तुला कशाला सांगू? तू काय माझा भाऊ हायस?

सातबारावाला
माझ्याकडं हक्कसोडीला आलासा तर सांगावं लागंल.

उत्तरेश्वरची_आक्का
हक्क सोडणार कोण? उर्फच्या पुढं जागा तेवढी मोकळी ठेव.