दोन पाळ्या, एकच मशीन आणि रोजची वादावादी: काय करावं?

बुटीबोरी_मोल्डिंग

नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत प्लास्टिकची झाकणं आणि डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पहिल्या पाळीचा शिफ्ट इंचार्ज आहे. इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून माल काढायच्या, बारा मशिनी. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा. या दोन पाळ्यांत सध्या उभा दावा चालू आहे.

पोरं वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. बहुतेक आयटीआय झालेली, उमरेड, हिंगणा, मानेवाड्याकडची. लग्नकार्याला एकमेकांच्या घरी राबतात. पण गेटच्या आत शिरले की 'तुमच्या पाळीनं केलं' आणि 'आमच्या पाळीनं नाही केलं' सुरू.

मागच्या आठवड्याचंच घ्या. चार नंबरच्या मशीनच्या दुसऱ्या झोनचा, म्हणजे तापवायच्या दुसऱ्या टप्प्याचा, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवत होता. माल नीट वितळेना, म्हणून आमच्या ऑपरेटरनं सेटिंग पंधरा डिग्रीनं वाढवून मशीन चालवली. त्या वेळी तेच बरोबर होतं. अडीचच्या सुमारास मेंटेनन्सवाल्यांनी थर्मोकपल बदलला, सेटिंग मात्र वरच राहिली. तीनला पाळी बदलली. दुसऱ्या पाळीला वाटलं, हीच सेटिंग आहे. झाकणांवर जळके डाग, कडेनं फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक), आणि साडेपाचपर्यंतचा सगळा माल भंगारात. लॉगबुकात काय लिहिलेलं? 'मशीन ओके.'

'ओके' का लिहितात तेही सांगतो. रोज दहाच्या मीटिंगमध्ये तेच लॉगबुक उघडतात आणि ज्यानं बिघाड लिहिला त्यालाच आधी उभं करतात. मग कोण लिहील?

मॅनेजमेंटनं उपाय म्हणून सगळ्यांना खिंडसीला नेलं. बोटिंग झालं, सावजी जेवण झालं, दोन पाळ्यांत रस्सीखेच लावली. पोरं खूश होती. दुसऱ्या दिवशी तीन वाजता परत तेच. आणि आमची बस तीन दहाला सुटते. चुकली तर मे महिन्याच्या उन्हात वर्धा रोडवर उभं राहून मिळेल त्या गाडीनं नागपूर गाठायचं. म्हणून पावणेतीनपासूनच सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे.

या दोन पाळ्यांची एक टीम कशी करायची? ज्यांनी पाळीत काम केलंय त्यांनी सांगा.

हिंगणा_रोड

दोन-दोन ऑपरेटर महिनाभर इकडचे तिकडे करून बघा. समोरच्या पाळीत काय अडचणी असतात ते स्वतः भोगल्याशिवाय कळत नाही. आमच्या फॅब्रिकेशनमध्ये बराच फरक पडला.

कोराडीचे_काका

बुटीबोरीवाले भाऊ, अदलाबदल करा, हरकत नाही. पण भांडण माणसांचं नाहीच हो हे. चार्ज देण्याघेण्याला तुमच्याकडे जागाच ठेवलेली नाही, त्याचं हे भांडण होऊन राहिलं. पोरांना काहून दोष द्यायचा?

माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात, पाळीत गेली. रिलीव्हरनं, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसानं, सही केल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा पहिला नियम. जाणारा आणि येणारा दोघं पॅनलसमोरून बरोबर फिरायचे. कोणत्या पंपावर परमिट (दुरुस्तीची लेखी परवानगी) आहे, कोणता इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र आपोआप थांबवणारी सोय) बायपास केलाय, कोणता गेज खोटं दाखवतो, हे बोट ठेवून दाखवायचं. 'सगळं नॉर्मल' म्हणणाऱ्याला आम्ही जास्त प्रश्न विचारत असू.

याचं महत्त्व आम्हाला ट्रेनिंगमध्ये पायपर अल्फाच्या उदाहरणावरून शिकवलं. उत्तर समुद्रातला तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म, 6 जुलै 1988. दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि तिथलं तोंड तात्पुरतं झाकलं होतं. काम संध्याकाळपर्यंत उरकलं नाही. व्हॉल्व्ह काढलेला आहे ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा चालू केला. वायू गळला, स्फोट झाला, 167 माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल 1990 ला आला, त्यात परमिटची आणि चार्ज देण्याची पद्धत या दोन्हींवर बोट ठेवलंय. तिथले लोक काय एकमेकांचे वैरी होते? तुमच्या चार नंबरला झाकणं जळाली एवढंच. पण घडलं तेच: एका पाळीला ठाऊक, दुसरीला नाही.

रस्सीखेच लावली म्हणता, तर त्यावरचंही सांगतो. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती, 1913 ला ते छापून आलं. माणसं वाढली तशी माणशी ताकद घटत गेली, आणि आठ जण मिळून ओढायला लागले तेव्हा एकट्याच्या मानानं जवळजवळ निम्म्यावर आली. त्याच्या मते मोठं कारण हे की सगळ्यांचा हिसका एकाच वेळी बसत नाही. आळस ही नंतरची गोष्ट. तुमच्या साहेबांना हे जरूर सांगा, कारण ते पोरांच्या वृत्तीवर औषध शोधून राहिले.

आता करायचं काय? प्रत्येक मशीनला एक पाटी लावा. 'आज नेहमीपेक्षा वेगळं काय' एवढंच तिच्यावर लिहायचं. चार नंबरवर त्या दिवशी 'झोन 2, सेटिंग 15 ने वाढवली, थर्मोकपल बदलला की खाली आणा' इतकं असतं तरी माल वाचला असता. शिवाय मेंटेनन्सवाल्यानं काम झाल्यावर त्या पाटीवर सही केल्याशिवाय मशीन ताब्यात घ्यायची नाही. आणि दहाच्या मीटिंगमधून ते लॉगबुक काढून घ्या. त्याच वहीवरून लोकांना उभं करायचं असेल तर तिच्यात खरं कधीच उतरणार नाही.

वॉर्ड_ताई

काकांचं शेवटचं वाक्य मला फार पटलं. मी मेडिकल चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आम्ही 'ओव्हर' देतो, तो पेशंटच्या खाटेपाशी उभं राहूनच. सलाईन किती राहिलं, कोणता डोस दिला, कोणता राहिला, डॉक्टर काय सांगून गेले. आणि ओव्हर घेणारीनं ते आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवायचं. तुम्ही हे एवढं तरी उचला. 'कळलं ना?' विचारलं की सगळेच हो म्हणतात. परत म्हणायला लावलं की काय सुटलं ते लगेच दिसतं.

वहीबद्दल आणखी एक. एमी एडमंडसन या संशोधिकेनं अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, 1996 ला तो प्रसिद्ध झाला. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद कमी असेल असं तिला वाटलं होतं, निघाली जास्त. तिथल्या नर्सेस मोकळेपणानं सांगत होत्या, बाकीच्या लपवत होत्या, असा तिचा निष्कर्ष. तुमच्या लॉगबुकात पानंच्या पानं 'ओके' असतील तर त्याचीच काळजी करा.

बुटीबोरी_मोल्डिंग

काका, ताई, मनापासून आभार. पाटी उद्याच लावतो, परत म्हणवून घ्यायचंही सुरू करतो. वेळेचं मात्र अडतंय. पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र ठेवा म्हटलं तर एचआर म्हणतो, कायद्यात बसत नाही. बस थांबवा म्हटलं तर ठेकेदाराकडे बोट दाखवतात.

सिव्हिल_लाइन्स

एचआर अगदीच चुकीचं बोलत नाही. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 58 मध्ये एकाच कामावर एकाच वेळी दोन पाळ्या ठेवायला मनाई होती, आणि सूट हवी तर लेखी आदेश लागायचा. आता नवे लेबर कोड आलेत, तेव्हा आजची तरतूद कारखान्याच्या सल्लागाराकडून लेखी घ्या. पण सगळ्या ऑपरेटरांना एकत्र ठेवायची गरजच काय? दुसऱ्या पाळीच्या इंचार्जनं आणि एखाद्या सेटरनं (मशीनची सेटिंग लावणाऱ्यानं) पावणेतीनला येऊन मशिनीवरून फिरून जायचं, मशीन चालवायची नाही. जास्तीच्या वेळेचा मोबदला आधी ठरवून घ्या. फुकट यायला सांगितलं तर चार दिवस येतील, पाचव्या दिवशी बंद.

बससाठी एकटे जाऊ नका. दुसऱ्या पाळीच्या इंचार्जला बरोबर घ्या. दोघं मिळून चार नंबरच्या त्या दिवसाच्या भंगाराचं वजन काढा, कच्च्या मालाच्या भावानं रक्कम मांडा. बस पंधरा मिनिटं उशिरा सोडायचे ठेकेदार महिन्याला किती मागतो ते विचारून तो आकडा शेजारी लिहा. हा एकच कागद साहेबांपुढे ठेवा, आणि तो लॉगबुक उघडायच्या आधी ठेवा.