नवरा-बायकोने सोशल सिक्युरिटी एकदमच चालू करायची का? (न्यू जर्सी)

एडिसनची_काकू
नमस्कार मंडळी, आमच्या घरी सध्या जेवताना हाच एक विषय. हे ६४ चे, मी ६१ ची. ह्यांचा जॉब अजून वर्षभर टिकला तर टिकला, आणि ह्यांचं म्हणणं सोशल सिक्युरिटी (इथली सरकारी पेन्शन) आत्ताच चालू करून टाकू, २०३३ नंतर तिच्या फंडातले पैसे संपणार म्हणतात मग थांबायचं कशाला. मी एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर) आले त्यामुळे ग्रीन कार्ड येईपर्यंत काम करता आलं नाही, नंतर शाळेत पार्ट टाइम, स्वतःच्या पेन्शनला लागणारे ४० क्रेडिट्स कसेबसे झालेत. स्टेटमेंटमध्ये ६७ ला, म्हणजे पूर्ण पेन्शनच्या वयाला, ह्यांचे महिना ३००० डॉलर दिसतात, माझे ९००. कोणी म्हणतं बायकोला नवऱ्याच्या निम्मे मिळतातच, मग माझ्या ९०० चं काय होतं?

हिशेबी_नाना
काकू, एकदम करायची काही गरज नाही, उलट तुमच्या केसमध्ये वेगवेगळं केलेलंच बरं. ह्यांनी ६४ लाच घेतलं तर २० टक्के कट, म्हणजे २४००, आणि तो कट कायमचा. ६७ नंतर थांबलं की वर्षाला ८ टक्के चढतात, ७० ला ३७२०, महागाईची वाढ वेगळी. ७० च्या पुढे थांबून काही मिळत नाही.

आता तुमचं. निम्मे म्हणजे १५००, पण ते ९०० सोडून वेगळे नाहीत. ९०० तुमचे स्वतःचे आणि वरचे ६०० ह्यांच्या रेकॉर्डवरचे. ते ६०० ह्यांनी अर्ज केल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि ह्यांचे ३७२० झाले तरी तुमचं निम्मं ३००० वरच धरतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मी असतो तर तुमचे ६२ ला चालू केले असते, ६३० येतील. हे ७० चे होतील तेव्हा तुम्ही ६७ च्या, मग ६०० पूर्ण मिळतील, एकूण १२३०. फक्त शाळेचा पगार बघा, ६७ च्या आधी घेतलं आणि कमाई लिमिटच्या वर गेली (२०२५ ला २३,४०० होतं) तर वरच्या दर २ डॉलरमागे १ कापून ठेवतात.

आणि २०३३ चं म्हणाल तर फंडाच्या ट्रस्टींच्या २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे काहीच बदललं नाही तरी ७७ टक्के देता येतील एवढा टॅक्स येत राहणार. कट आलाच तर ज्यांनी आधी घेतलंय त्यांनाही लागेल, त्यामुळे घाईने घेऊन सुटका होत नाही.

डॅलसवाला
सगळे ७० ७० करतात पण तिथवर पोचायला माणूस पाहिजे ना. मी ६२ ला घेतलं, मला शुगर आहे, आमच्याकडे पुरुष फार जगत नाहीत. ६४ आणि ७० चा हिशेब बरोबरीला यायला ८१ वर्षं लागतात, ८१ कोणी बघितलंय? पैसे हातात असताना काकांना फिरू दे की थोडं.

मीरा_बॉस्टन
दादा, एकट्या माणसाला तुमचं गणित लागू पडतं, इथे दोघं आहेत. एक गेला की छोटा चेक बंद होतो आणि मागे राहील त्याला मोठा मिळतो. ह्यांनी ७० ला घेतलं तर पुढे काकूंना जन्मभर ३७२०. ६४ ला घेतलं तर २४७५, ३००० च्या साडेब्याऐंशी टक्के, त्याच्या वर नाही. महिन्याला १२४५ चा फरक आणि तो अशा वेळी जेव्हा घरात एकच चेक येत असेल. काकू तीन वर्षांनी लहान, त्यात बायका जास्त जगतात, मग ८१ कोणाचं धरायचं? तब्येत बरी नसेल तर उलट ह्यांनीच थांबायला हवं असं मला वाटतं. अर्ज न करताच ६६ ला काही झालं (होऊ नये) तरी काकूंचा हिशेब पूर्ण ३००० वर होतो. काकूंनी स्वतःचे ६२ ला घेतले म्हणून ह्यात काही कमी होत नाही, फक्त ते नवऱ्याच्या मागचं बेनिफिट ६७ च्या आधी घेऊ नये, ६० पासून मिळतं पण कापून.

एडिसनची_काकू
बाप रे, हे २४७५ आणि ३७२० चं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणतात ठीक आहे पण जॉब गेल्यावर ७० पर्यंत खायचं काय? आणि दर हिवाळा पुण्यात काढायचा विचार आहे.

हिशेबी_नाना
४०१के (कंपनीतलं रिटायरमेंटचं खातं) आहे ना, त्यातून काढा ती चार-पाच वर्षं, त्यासाठीच साठवलंय. ते अजिबात नसेल किंवा कर्ज असेल तर ७० पर्यंत थांबू नका हे डॅलसवाल्यांचं बरोबर, ६७ ला घ्या, तरी ६४ पेक्षा बरं. पुण्याचं म्हणाल तर काका सिटिझन असतील तर चेक तिथेही मिळतो, पण मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) तिथे चालत नाही, तिकडचा वेगळा इन्शुरन्स लागेल. आणि सोशल सिक्युरिटी थांबवली म्हणून मेडिकेअर थांबवू नका हां, ६५ ला कंपनीचं कव्हर नसेल तर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरच्या खर्चाचा भाग) वेळेत घ्या, नाहीतर दर १२ महिन्यांच्या उशिराला १० टक्के दंड प्रीमियमवर बसतो आणि तो जात नाही. काकांचा ६५ वा वाढदिवस कधी आहे? त्याच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो.