दापोली ते रत्नागिरी समुद्राकाठच्या रस्त्याने, कुठे कुठे थांबायचं?
दिवाळीनंतर कार घेऊन निघतोय, सोबत आईबाबा आहेत, हायवे नकोच आहे. कुठे थांबू सांगा ना.

– हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघाच, समोर सुवर्णदुर्ग दिसतो. मग दाभोळहून गाडी फेरीबोटीत चढवून धोपावेला उतरा, वळसा वाचतो आणि आईबाबांचे पायही मोकळे होतात.

– हेदवी चुकवू नका!! दशभुजा गणेश आणि खाली बामणघळ, भरतीच्या वेळी लाट त्या अरुंद घळीत घुसते आणि पाणी सरळ वर उडतं. खडक निसरडे आहेत हां, आईबाबांना लांबच उभं करा.

– पुढे तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, आणि आरे-वारेचा रस्ता उजेडातच करा प्लीज, चढावर थांबलात की दोन्ही किनारे दिसतात.