‘नैराश्य’, ‘उदासीनता’ की ‘करमत नाही’?

प्रश्न: करोनाकाळात परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या मानसिक आरोग्याचा जो अभ्यास झाला, त्याविषयी मराठीत लिहायचे आहे. ‘डिप्रेशन’साठी वृत्तपत्रांत ‘नैराश्य’ आढळते, काही ठिकाणी ‘उदासीनता’, तर हिंदीकडून आलेला ‘अवसाद’ही. यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? ‘स्थलांतरित’ आणि ‘बहुसांस्कृतिक समुदाय’ हे शब्दप्रयोग चालतील का?

उत्तर: आजाराचे नाव म्हणून ‘नैराश्य’ आता रुळले आहे, तेच ठेवावे. ‘उदासीन’ म्हणजे मुळात अलिप्त, तटस्थ. ‘तो राजकारणाबाबत उदासीन आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याला उपचारांची गरज आहे असे कोणालाही वाटत नाही. ‘अवसाद’ मराठी वाचकाला परका वाटतो.

खरी अडचण आजाराच्या नावात नसून प्रश्नावलीत आहे. अशा अभ्यासांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांविषयी ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण मिळतात आणि एकूण २७ पैकी १० वा अधिक गुण झाल्यास पुढील तपासणीची गरज आहे असे सामान्यतः मानतात. पहिलाच प्रश्न कामांत रस किंवा आनंद न वाटण्याविषयी आहे. बोली मराठीत त्याला सर्वांत जवळचे वाटते ते ‘करमत नाही’. पण नव्या गावी गेलेल्या माणसाला करमत नाही, सासरी आलेल्या मुलीला करमत नाही आणि टाळेबंदीत घरात कोंडलेल्या कोणालाही करमत नव्हते. हा शब्द जागेशी आणि माणसांशी बांधलेला आहे, त्यामुळे तो प्रश्नावलीत घातला तर परदेशी राहणाऱ्याची घरची ओढ आजाराच्या खात्यात जमा होण्याचा धोका राहतो. त्यापेक्षा ‘एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही’ अशी रचना मला अधिक सुरक्षित वाटते, कारण तिच्यात आधीच्या आवडीशी तुलना आहे.

चिंतेच्या प्रश्नांचेही तसेच आहे. भारताने मार्च २०२०च्या अखेरीस नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबवली आणि ती पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. या काळात ज्याचे वृद्ध आईवडील पुण्यात किंवा मडगावात होते, त्याचा जीव टांगणीला लागला नसता तरच नवल. म्हणून ‘काळजी’, ‘घोर’ आणि ‘धास्ती’ हे शब्द एकाच रकान्यात टाकू नयेत: काळजीला कारण असते, तर धास्ती कारण सरल्यावरही उरू शकते.

मूळ इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर पुन्हा इंग्रजीत करवून दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे, परंतु शब्दकोश समोर ठेवून काम करणाऱ्या दोन्ही भाषांतरकारांना ‘उदासीन’ बिनचूक वाटू शकतो आणि उत्तर देणाऱ्या आजी मात्र त्याचा अर्थ ‘बेफिकीर’ असा घेतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकातच बजावले होते की एका संस्कृतीत घडलेली रोगकल्पना दुसरीकडे तशीच लागू होईल हे गृहीत धरू नये. झिम्बाब्वेच्या शोना भाषेत अशा त्रासाला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, म्हणतात. आपल्याकडेही रुग्ण ‘फार विचार येतात’ किंवा सरळ ‘टेन्शन आहे’ असेच सांगतो. प्रश्नावलीत ‘टेन्शन’ घ्यायला संकोच वाटायचे कारण नाही, फक्त त्याची व्याप्ती मोठी असल्याने सोबत झोप, भूक आणि थकवा यांविषयी वेगळे विचारावे.

पुरवणी: ‘बहुसांस्कृतिक’ हे समाजाचे किंवा शहराचे विशेषण आहे, इंग्लंडमधील लेस्टर शहर बहुसांस्कृतिक असेल, पण तेथील एकटा गुजराती समुदाय नव्हे. ‘स्थलांतरित’ फार ढोबळ आहे. सिंगापूरमध्ये २०२० साली वसतिगृहांत राहणारे सुमारे ३,२३,००० कामगार होते आणि त्यांपैकी ४७ टक्क्यांना वर्षअखेरपर्यंत संसर्ग होऊन गेल्याचे तेथील सरकारने सांगितले. सामायिक खोल्यांत महिनोन्‌महिने अडकलेला हा कामगार आणि त्याच शहरात कुटुंबासह स्वतंत्र सदनिकेत राहणारा मराठी अभियंता, दोघेही ‘स्थलांतरित’च. पहिल्यासाठी ‘स्थलांतरित कामगार’ आणि कायम वसलेल्यांसाठी ‘परदेशस्थ’ किंवा ‘स्थायिक’ असा भेद लेखात पहिल्या परिच्छेदातच करावा, म्हणजे पुढची आकडेवारी कोणाची हे वाचकाला कळेल.