ब्राउझर चालवून घेतो, पण...

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ब्राउझर चुकीचा कोडही दाखवतो, मग वेब स्टँडर्ड्सचा, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या ठरलेल्या नियमांचा, जाच कशाला? दाखवतो, खरंय, बंद न केलेला टॅगही (पानाचा भाग कुठे सुरू, कुठे संपतो हे सांगणारी कोडमधली खूण) तो निमूट सांभाळून घेतो. पण बटणाच्या जागी नुसता क्लिक लावलेला डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेला साधा चौकोन, ठेवलात, की कीबोर्डची टॅब तिथे थांबत नाही आणि स्क्रीन रीडरला (अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते बटण आहे हेच कळत नाही. माउसवाल्यांना पत्ताही लागत नाही.

मराठी साइटवाल्यांनी तर हे बोलूच नये! युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची सामायिक अक्षर-संकेत पद्धत, सोडून स्वतःच्या फॉन्टवर चालणारी जुनी पानं आठवा. फॉन्ट नसला की नुसती अगम्य अक्षरं, आणि सर्चमध्ये शून्य. आजही कोडमध्ये पानाची भाषा मराठी नोंदवली, तर काही फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. एवढं तरी करा. व्हॅलिडेटरचा (कोड नियमांत बसतो का ते तपासणाऱ्या साधनाचा) प्रत्येक इशारा मिटवत बसा असं नाही म्हणत, तेवढा वेळ क्लायंट देतो कुठे?