अनुभव धागा: बेळगावचा बाजार, खानावळीतलं जेवण आणि कानात राहिलेलं गाणं

मिरजेची_माहेरवाशीण
काल ट्रंक आवरताना आईनं दिलेलं इरकल हाती आलं. गर्द वांगी रंग, लाल टोपपदर. घडी उलगडली आणि थेट १९८९ साली पोचले. मावशीच्या लग्नाचा बस्ता बेळगावच्या शहापुरातच बांधायचा, असं आजीचं फर्मान होतं. मिरजेहून सकाळची गाडी, तेव्हा मीटरगेज होती. सुळेभावी स्टेशन आलं की बाबा खिडकीतून हात जोडायचे. कुमार गंधर्वांचा जन्म इथला, १९२४ चा, हे दरवेळी सांगायचे.

शहापुरात गादीवर बसून आईनं तीसेक लुगडी उलगडायला लावली असतील. रंगाआधी ती एकच जागा बघायची. इरकलात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून जोडतात. त्या जोडावरून तिनं माझं बोट फिरवलं. "लागतंय हाताला? मग खरं." काल परत बोट फिरवलं. लागतंय.

दुपारी लिंगायत खानावळीत कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी आणि वर घट्ट दही. मग कुंदा घेतला, बेळगावची खव्याची मिठाई. संध्याकाळी स्टेशनाकडे निघालो तर एका गल्लीत माडीवरून तंबोरा आणि पेटी ऐकू आली. कुणीतरी पुरिया धनाश्री राग गात होतं. बाबा जिन्याखाली थांबले ते थांबलेच. वरून कुणीतरी डोकावलं, "बर्री, वर या की." गाडी चुकली. रात्री ओळखीच्यांकडे मुक्काम केला. कुंदा घेतलेला पक्का आठवतो, खाल्लेला मात्र आठवत नाही.

तुमचेही असे दिवस लिहा. बाजार, जेवण, गाणं, तिन्ही एका दिवशी नसलं तरी चालेल.

टिळकवाडीचा
डोळ्यात पाणी आलं की वो. आमचं घर काँग्रेस विहिरीपासून चालत पाच मिनिटांवर. १९२४ च्या अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष होते त्या, पणजी मंडपापर्यंत गेलेली. गंगूबाई हनगल तेव्हा लहान मुलगी, त्यांनी स्वागताचं गाणं म्हटलेलं. पणजीला गायिकेचं नाव पुढं कितीतरी वर्षांनी रेडिओवर कळलं.
आजोबांनी रामभाऊ विजापुरेंची पेटी समोर बसून ऐकलेली. म्हणायचे, पेटी गात होती. एक विचारू? गाडी गाठायची म्हणजे चार-पाचची वेळ असणार. पुरिया धनाश्री तर दिवेलागणीचा. मग उन्हं कलताना गातात तो मुलतानी तर नसेल?

मिरजेची_माहेरवाशीण
@टिळकवाडीचा असेलही हो, मी नऊ वर्षांची होते. आईला विचारून सांगते.

चंदगडी_लेक
आमचा बाजार म्हणजे बेळगावच. शनिवारी बाबा रताळी घालायला जायचे आणि मी पिशवी धरायला. गणपत गल्लीत बांगड्या, खडेबाजारात कापड, मग परत. एकदा बसस्टँडवर गर्दीत कुणीतरी पिशवीला ब्लेड मारलं, रताळ्याचे सगळे पैसे गेले. बाबा कट्ट्यावर बसून राहिले. मी रडायला लागले तर शेजारी भाजी विकणाऱ्या अव्वानं जवळ घेतलं, "अळब्याडव्वा," रडू नको गं, म्हणाली. तिकिटाचे पैसे दिले, वर कोथिंबिरीची जुडी दिली. पुढच्या शनिवारी बाबांनी तिच्यापुढं रताळ्याचं अख्खं पोतं नेऊन ठेवलं. ती घेईना. शेवटी निम्मं घेतलं.
गाणं नाही यात. मुलगा उठला, जाते.

गोकाकची_सून
@चंदगडी_लेक तुझी अव्वा फार आवडली गं.
मी साताऱ्याची, लग्न होऊन गोकाकात आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या पावसाळ्यात सासऱ्यांनी धबधबा दाखवायला नेलं. झुलत्या पुलावर पाय उचलेना, सासूबाईंनी हात धरला. येताना बाजारातून करदंट घेतला आणि रंगवलेली लाकडी फळं. त्यातलं सीताफळ अजून देवघराशेजारी आहे.
त्याच वर्षी गावात श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचा खेळ होता, रात्रभर. सत्यभामा रुसली आणि तिनं लांब सूर लावला तेव्हा मला सगळं समजलं, एकही शब्द न येता. सासूबाई कानात मराठीत सांगायला वाकल्या, मी म्हटलं, कळलं. तेव्हापासून इथं परकं वाटलं नाही.
करदंट म्हणजे तळलेला डिंक हो. करिद म्हणजे तळलेलं, अंटु म्हणजे डिंक. बाळंतिणीला जरूर द्या.

निपाणीहून
कुणी पुढच्या आठवड्यात संकेश्वराकडे जाणार आहे का? मिरची हवी आहे. आईचे गुडघे धरलेत, तिला सोडून निघता येत नाही.

कॅम्पातली
@निपाणीहून मी जाणार आहे, किती आणू? मी ब्याडगी पण घेते, रंगाला ती आणि तिखटाला संकेश्वरी. आईंना ओव्याचा शेक द्या.

निपाणीहून
दोन किलो. उपकार झाले ताई. शेक चालू आहे.

डोंगराची_वाट
सौंदत्ती, यल्लम्माचा डोंगर. मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा, आजीबरोबर. डोंगरावर भंडाऱ्यानं सगळी माणसं पिवळी. बाजारात आजीनं हिरव्या बांगड्या भरल्या, आम्ही चुलीवरची भाकरी आणि वांगं खाल्लं. शेजारच्या राहुटीत देवीला वाहिलेली एक जोगतीण चौंडकं घेऊन बसली. काखेत लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, त्यातून आलेली तार दुसऱ्या हातात. तार ताणली की आवाज चढतो, सैल सोडली की माणूस हुंदका देतो तसा उतरतो. मी इतक्या जवळ बसले होते की तारेचा कंप गालाला लागत होता. गाणं संपल्यावर आजीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. जोगतिणीच्या वाट्याला काय काय आलं ते मोठेपणी वाचलं आणि तो आवाज वेगळाच ऐकू यायला लागला. आजही कुणी "उदं गं आई" म्हटलं की गालाला तार लागते.

टिळकवाडीचा
@डोंगराची_वाट वाचून गप्प बसलो.

खानबाजू
मांडे कुणालाच आठवले नाहीत? उलट्या कढईवर रुमालासारखी पोळी, आत पिठीसाखर, खसखस, तूप, आणि गरम असतानाच घडी. क्षणभर उशीर झाला की मोडलाच. बहिणीच्या लग्नात करणाऱ्या बाईंच्या कोपरापर्यंत पोळी लोंबत होती, आम्ही पोरं जेवण सोडून बघत उभी. बाहेर सनई चालू, आत मांडे.

मिरजेची_माहेरवाशीण
आत्ता आईशी बोलले. म्हणाली, राग मला काय माहीत, पण ऊन होतं, ह्यांनी छत्री मिटून जिन्याला टेकवली होती. म्हणजे @टिळकवाडीचा, तुमचा मुलतानीच धरू.
आणि कुंदा! उतरताना बाबांनी पुडा तसाच्या तसा त्या गाणाऱ्यांच्या हातात दिला म्हणे. ते नको नको म्हणत होते. मी रात्रभर रुसले होते, हे आईनंच सांगितलं.

कॅम्पातली
@मिरजेची_माहेरवाशीण पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. मिरचीबरोबर कुंदाही घेते.