कोडमधल्या गमतीजमती सरसकट काढायच्या का? रिव्ह्यूमध्ये काय लिहू?

अर्धविराम

मंडळी, शुक्रवारपर्यंत मला एका पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल सामील करून घ्या, अशी विनंती) लेखी मत द्यायचं आहे आणि मी अडकले आहे.

आमच्या टीमला नवे लीड आलेत. माणूस कामाचा आहे, नीट ऐकून घेतो. त्यांनी 'सफाई' नावाची एक भली मोठी पुल रिक्वेस्ट टाकली आहे. रिपॉझिटरीत, म्हणजे आमच्या कोडच्या साठ्यात, जिथे जिथे गमतीचं काही दिसलं, ते सगळं उडवलंय. या कोडबेसमध्ये सगळ्यात जुनी मीच, म्हणून रिव्ह्यूअर मी.

बरंचसं गेलं तरी माझी काही तक्रार नाही. कुणीतरी अक्षरांनी काढलेलं मांजर आहे, 'देवा सांभाळ' एवढीच कमेंट असलेल्या फायली आहेत. जाऊ देत. पण काही जागा अशा आहेत की तिथे मान डोलवायला मन तयार नाही.

पेमेंटचं स्टेटस विचारणाऱ्या फंक्शनमध्ये दोन सेकंदांचा स्लीप, म्हणजे मुद्दाम घेतलेला थांबा, आहे. त्याच्यावरची कमेंट अशी: "हा स्लीप बावळट दिसतो. काढून बघा, रात्री तीनला फोन तुम्हालाच येईल. समोरची सिस्टिम आधी 'झालं' म्हणते आणि नोंद मागाहून लिहिते." तिन्ही वाक्यं उडाली, स्लीप तेवढा उघडा राहिला. पुढचा कुणीतरी 'परफॉर्मन्स सुधारणा' म्हणून तो काढणार, याबद्दल मला शंका नाही.

दुसरी जागा युजरला दिसणाऱ्या एररची. आधी होतं "अरेच्चा! सर्व्हरला चक्कर आली." आता आहे "काहीतरी चूक झाली." तसंच 'जादू_कर' नावाचं फंक्शन होतं, ते 'प्रक्रिया_कर' झालं. दोन्हीकडे नवीन माणसाच्या हाती आधी काही लागत नव्हतं आणि आताही लागत नाही.

आणि शेवटचं म्हणजे जुने कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक बदल नोंदवताना सोबत लिहिलेली ओळ. "आता तरी चाल बाबा", "फायनल", "फायनल खरंच" असे पुष्कळ आहेत. लीडचं म्हणणं, इतिहासच पुन्हा लिहून टाकू, स्क्रिप्ट चालवून फोर्स पुश करू, म्हणजे सर्व्हरवरच्या जुन्या इतिहासावर नवा बळजबरीने चढवू. हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला.

मला गमती आवडतात म्हणून मी अडून बसले आहे, असं वाटायला नको. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे कशावरून ठरवता तुम्ही?

---

रात्रपाळी

एररपुरतं मी बोलतो, कारण ऑन-कॉलमध्ये (सिस्टिम बिघडली की फोन घ्यायच्या पाळीत) ते वाचायची वेळ माझ्यावर येते.

एरर मेसेज वाचणारा माणूस त्या क्षणी अडचणीत असतो. युजर असेल तर त्याचं काम अडलेलं असतं, मी असेन तर झोपेतून उठलेलो असतो. दोघांनाही विनोद नको असतो. पण तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे: "काहीतरी चूक झाली" हे वाक्य "चक्कर आली"पेक्षा काडीचंही बरं नाही. उलट माझ्यासाठी जास्त वाईट. "चक्कर" असं शोधलं की कोडमध्ये एकच जागा सापडते. "काहीतरी चूक झाली" शोधून बघा, पानंच्या पानं येतील.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, प्रिंटरचा एक जुना प्रसिद्ध मेसेज आहे, 'एलपी झिरो ऑन फायर' (एलपी झिरो म्हणजे पहिला प्रिंटर). सगळे तो विनोद म्हणून सांगतात. कोड उघडून पाहिला तर तो नेमक्या जागी बसलेला आहे. ड्रायव्हर आधी विचारतो, कागद संपलाय का? मग विचारतो, प्रिंटर ऑफलाइन आहे का? दोन्ही नाही आणि तरीही प्रिंटर एरर सांगतोय, तेव्हाच 'ऑन फायर' छापलं जातं. म्हणजे तो शब्द दिसला की वाचणाऱ्याला कळतं, नेहमीची दोन कारणं नाहीत, प्रिंटरपाशी जाऊन बघा. गंमत आहे, पण मेसेज त्या एकाच परिस्थितीचा आहे.

लीडना सांगा: युजरसाठी काय अडलं आणि पुढे काय करायचं ते लिहू, सोबत एक कोड देऊ. लॉगमध्ये कुठली क्रिया, कुठला रेकॉर्ड आणि काय अपेक्षित होतं ते लिहू. मग चक्कर खुशाल काढा.

---

जुना_मेंटेनर

अर्धविरामताई, मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळत आलोय, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

माझ्या अनुभवात गमतीची कमेंट बहुतेक वेळा अशा जागी येते जिथे लिहिणाऱ्याला स्वतःला खात्री नव्हती. सरळसोट लूपवर कुणी विनोद लिहीत नाही. जिथे पाय घसरला, जिथे डोकं आपटलं, तिथे माणूस काहीतरी लिहून जातो. म्हणून अशी कमेंट दिसली की मी ती काढायच्या आधी तिच्याखालचा कोड दोनदा वाचतो.

अपोलो ११ च्या चांद्रयानाचा गायडन्स कोड आता सगळ्यांना वाचायला खुला आहे. त्यात एका जागी लिहिलंय, 'टेंपररी, आय होप होप होप'. ते तात्पुरतं तसंच चंद्रावर गेलं. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे नोंदवलं की हा भाग अजून पक्का नाही. हे वाक्य कुणी 'व्यावसायिक' करायला गेलं असतं तर ती माहितीच पुसली गेली असती.

त्याहून महत्त्वाचं उदाहरण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीतलं, १९७५ सालचं. एका प्रोसेसवरून (चालू प्रोग्रॅमवरून) दुसरीवर उडी मारणाऱ्या कोडपाशी कमेंट आहे: 'हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही.' लोकांना ती वर्षानुवर्षं उद्धट वाटली. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की 'हे परीक्षेत येणार नाही' अशा भावनेने ते लिहिलं होतं. पण पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. त्यांनी लिहिलं की खरी अडचण म्हणजे तिथे काय चाललंय ते आम्हालाही समजलं नव्हतं. ती यंत्रणा एका फंक्शनच्या स्टॅक फ्रेमवर (त्याच्या चालू कामाच्या नोंदीवर) जाऊन दुसऱ्याच फंक्शनमधून परतायची. पीडीपी-११ या मशीनवर हे चालून गेलं, कारण तिथला कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागा, जपण्याची एकच पद्धत नेहमी वापरायचा. इंटरडेटा मशीनच्या कंपायलरमध्ये कुठली रजिस्टर जपली आहेत त्यावरून परतण्याचा कोड बदलायचा, आणि तिथे हा डाव उलटला. सातव्या आवृत्तीत तो भाग नव्याने लिहावा लागला. बघा, कमेंट नेमकी त्या जागी होती जिथे डिझाइन कच्चं होतं. तुमच्या स्लीपवरची कमेंट याच जातीची आहे. 'बावळट' आणि 'रात्री तीन' काढायचं असेल तर काढा, पण "समोरची सिस्टिम नोंद मागाहून लिहिते" हे वाक्य गेलं तर मी तरी ती पुल रिक्वेस्ट मंजूर करणार नाही.

आता दुसरी बाजू. कमेंट चालत नाही, ती फक्त वाचली जाते. जी गंमत चालते, ती कोडच आहे आणि तिला कोडचेच नियम लागू. मदतीची पानं दाखवणाऱ्या 'मॅन' कमांडच्या एका आवृत्तीत रात्री बरोबर साडेबाराला एका जुन्या गाण्यातले शब्द छापायची सोय लपवलेली होती. २०१७ मध्ये कुणाच्या तरी ऑटोमेटेड टेस्ट फक्त साडेबाराला चालल्या की फेल व्हायला लागल्या, कारण एरर आउटपुटमध्ये ते अनपेक्षित शब्द यायचे. ज्याने ती गंमत टाकली होती त्या मेंटेनरनेच खुलासा केला आणि ती काढली. २०१८ च्या नाताळात वेबसाइटसाठी तयार बटणं वगैरे देणाऱ्या 'अँट डिझाइन' या लायब्ररीतल्या बटणांवर अचानक बर्फ दिसायला लागला. ती लायब्ररी वापरणाऱ्यांना याची कल्पनाच नव्हती, आणि ज्यांच्या साइटवर बर्फ पडला त्यांना आपापल्या ग्राहकांना तोंड द्यावं लागलं. दुसऱ्याच्या स्क्रीनवर न विचारता गंमत करण्याचा हक्क आपल्याला नाही, असं माझं ठाम मत आहे.

याउलट पायथॉन या भाषेत 'फ्यूचर'मधून (पुढे येणाऱ्या सोयी मागवायची जागा) 'ब्रेसेस', म्हणजे पायथॉन ब्लॉकसाठी वापरत नाही ते महिरपी कंस, इम्पोर्ट करायला गेलात तर सिंटॅक्स एरर येते, 'नॉट अ चान्स'. ती कुणाच्या वाटेत येत नाही. मुद्दाम शोधत गेलेल्यालाच सापडते. अशा गमतींमुळे मी या धंद्यात टिकलो, हे मी मनापासून सांगतो. वेबवर पानं मागवण्याच्या एचटीटीपी या पद्धतीतला ४१८ हा 'मी चहाची किटली आहे' कोड १ एप्रिल १९९८ च्या एका गमतीच्या आरएफसीतून (इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजातून) आला. २०१७ मध्ये तो लायब्ऱ्यांमधून काढण्याचा प्रस्ताव आला तेव्हा किती लोक धावून आले! शेवटी २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये ४१८ आकडा राखीव ठेवला गेला, दुसऱ्या कामाला वापरू नये म्हणून.

इतिहास पुन्हा लिहिण्याचं मात्र अजिबात मान्य करू नका. गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात) कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख सांगणारा आकडा, काढताना त्यातला मेसेज आणि आधीच्या कमिटचा हॅश दोन्ही धरले जातात. एक जुना मेसेज बदलला की त्यापुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो. तिकिटांमध्ये लिहिलेले हॅश, सही केलेले टॅग, लोकांच्या मशिनवरच्या ब्रँच, सगळं लटकणार. "फायनल खरंच" हा मेसेज वाईटच आहे, पण त्या कमिटमध्ये काय होतं ते डिफ (बदललेल्या ओळींची यादी) सांगतो. एखाद्या महत्त्वाच्या कमिटला खुलासा जोडायचा असेल तर 'गिट नोट्स' वापरा, हॅशला धक्का लागत नाही.

---

अर्धविराम

मनापासून धन्यवाद. स्लीपची कमेंट आणि इतिहास, दोन्हीबद्दल आज लीडशी बोलले. हॅशचं ऐकल्यावर फोर्स पुशचा विषय त्यांनी तिथेच सोडला.

पण बोलताना खरं कारण कळलं. एका ग्राहकाच्या तांत्रिक टीमला तपासणीसाठी कोड वाचायला दिला होता. त्यांना एक कमेंट सापडली: "या ग्राहकाला वाचता येत नाही, म्हणून तिसरा पॉपअप." लीडना समोर बसून उत्तर द्यावं लागलं. त्यांनी सगळंच काढायला का घेतलं ते आता समजतं. तरी मला वाटतं, ती एक कमेंट आणि स्लीपवरची कमेंट एका मापाने मोजणं चूक आहे.

---

नवी_शाखा

मी या क्षेत्रात नवीन आहे, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

अक्षरांचं मांजर बघून मला बरं वाटतं. इथे माणसं काम करतात असं वाटतं. पण पहिल्या नोकरीत एका फायलीवर लिहिलं होतं, "हे ज्याला कळत नाही त्याने दुसरा धंदा बघावा." मला ते कळत नव्हतं. मी कितीतरी दिवस कुणाला विचारलंच नाही. नंतर कळलं की लिहिणाऱ्याने ते टीम सोडून गेलेल्या कुणाला तरी उद्देशून लिहिलं होतं. त्या माणसाने ते कधी वाचलंच नसेल, वाचलं ते माझ्यासारख्यांनी.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. गंमत कोडची असेल, मशीनची असेल, परिस्थितीची असेल तर राहू दे. माणसाची असेल, मग तो ग्राहक असो, जुना सहकारी असो, नाहीतर पुढचा वाचक, तर ती त्याच दिवशी जावी.

आणि हे काम स्क्रिप्टने करू नका. २०१८ च्या अखेरीस लिनक्स कर्नलच्या कमेंटमधल्या शिव्यांच्या जागी 'हग' म्हणजे मिठी हा शब्द घालायचे पॅच आले होते. शिवीच्या जागी मिठी घातली तर वाक्याला काही अर्थच उरत नाही, आणि लोकांनी तसं स्पष्ट सांगितलं. शिवी काढायची तर वाक्य वाचून नवीन लिहावं लागतं.

---

जुना_मेंटेनर

नवी_शाखा यांचं पटलं. माझ्या उत्तरात माणसाबद्दलची बाजू आलीच नव्हती.

अर्धविरामताई, आता रिव्ह्यूमध्ये एवढंच मागा की ही पुल रिक्वेस्ट तोडावी. माणसांवरच्या कमेंट पहिल्या, त्या आजच मर्ज करा, त्यावर वाद नाही. एरर मेसेज वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये, रात्रपाळी म्हणाले तसे नव्याने लिहून, आणि ऑन-कॉलमधल्या एकाला रिव्ह्यूअर करून. 'जादू_कर'ला नवीन नाव द्यायच्या आधी ते फंक्शन उघडा. माझा अंदाज आहे की त्याला नाव सुचत नाही कारण ते दोन-तीन वेगळी कामं करतंय. ती वेगळी केलीत की नावं आपोआप सुचतील.

ज्या कमिटमध्ये फक्त नावं बदलली असतील, त्यांचे हॅश 'डॉट गिट ब्लेम इग्नोर रेव्ज' नावाच्या फायलीत लिहा. गिट २.२३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणारी कमांड) असे कमिट ओलांडून मागे बघू शकतो. गिटहब ही फाइल आपणहून वाचतं, पण प्रत्येकाच्या मशीनवर कॉन्फिगमध्ये 'ब्लेम डॉट इग्नोर-रेव्ज-फाइल' एकदा सेट करावं लागतं. ते ऑनबोर्डिंगच्या स्क्रिप्टमध्येच टाका, नाहीतर सहा महिन्यांनी प्रत्येक ओळीपुढे लीडचंच नाव दिसेल आणि सगळे प्रश्न त्यांनाच विचारले जातील.